चाळिसाव्या पानावरचा आयपी

कोडोलीच्या घरी भाचीनं आपल्या पहिल्या कादंबरीचं बाड मामांपुढं ठेवलं. इंटरनेटवर ओळखी काढून माणसं मारणारा खुनी आणि त्याच्या मागावरचे पोलीस, असा विषय. मामा निवृत्त फौजदार. पेन्सिल घेऊनच वाचायला बसले होते.

भाची : कशी वाटली, मामा?

मामा : भाषा झकास. पण तुझा सायबरवाला पोरगा चाळिसाव्या पानावर आयपी ॲड्रेस काढतो आणि एक्केचाळिसाव्यावर दार फोडतो. एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

भाची : आयपी म्हणजे पत्ताच की.

मामा : पत्ता कसला! मोबाईलच्या नेटवर कंपनी एकच आयपी एकाच वेळी कितीतरी गिऱ्हाइकांना वाटते. त्यातला आपला माणूस निवडायचा तर पोर्ट नंबर लागतो आणि सेकंदापर्यंतची वेळ. परदेशी कंपन्यांची नोंद बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं. हिशेब करायचा राहिला, की रात्री साडेआठचा माणूस सुटला आणि दुपारी तीनचा अडकला. 2007 साली ऑर्कुट या सोशल साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी केली म्हणून पुणे पोलिसांनी बेंगळुरूचा एक इंजिनिअर उचलला. पन्नास दिवस आत होता बिचारा. नंतर कळलं, कंपनीनं आयपीची माहितीच चुकीची पुरवलेली. तुझ्या पोरानं एकदा तरी भलत्याच घराचं दार फोडावं, असं मला वाटतं.

भाची : मग टॉवर लोकेशन?

मामा : तू खून दाखवलायस जोतिबाच्या चैत्र यात्रेत. त्या दिवशी डोंगरावर मोबाईल किती असतील? टॉवर डंप, म्हणजे त्या वेळी टॉवरवर असलेल्या सगळ्या नंबरांची यादी, मागवला तर नंबर चाळता चाळता हवालदाराचे डोळे जातील. त्याचा उपयोग कधी? दोन-तीन वेगळ्या जागी खून झाले आणि सगळ्या याद्यांत एकच नंबर निघाला, तर. वर प्रेत टाकलंस वारणेच्या पलीकडं, म्हणजे सांगली जिल्हा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येते, 1 जुलै 2024 पासून तर कायद्यातच तशी तरतूद आहे. पण हद्दीवरून कागद इकडून तिकडं फिरायचे ते फिरतातच. त्यावर एक प्रकरण लिही, मजा येईल.

भाची : म्हणजे असला खुनी सापडतच नाही म्हणा की.

मामा : सापडतो. जपानमध्ये टोकियोजवळ झामा म्हणून गाव आहे. तिथला एकजण 2017 साली ट्विटरवर जीव नकोसा झालेली माणसं हेरायचा, मदत करतो म्हणून घरी बोलवायचा. दोन-तीन महिन्यांत नऊजण मारले त्यानं. पोलिसांचा कॉम्प्युटर तिथवर पोचला नव्हता. एका बेपत्ता मुलीचा भाऊ तिच्या खात्यात शिरला आणि त्याला तिचं त्या खुन्याशी झालेलं बोलणं दिसलं. पुढं एक बाई पोलिसांना मदत करायला तयार झाली. तिनं त्याला भेटायला बोलावलं आणि पोलीस मागोमाग त्याच्या खोलीवर. 2025 च्या जूनमध्ये फासावर गेला.

भाची : आपल्याकडं असं कुठं?

मामा : कोल्हापूरला विचार की. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे नि सीमा गावित. 1990 ते 96 लहान पोरं पळवायची, चोऱ्या करताना त्यांचा आडोसा घ्यायचा, जड झाली की मारायची. कितीतरी पोरं गोरगरिबांची, त्यांच्यासाठी ठाण्यात जाऊन बसणार कोण? पकडल्या गेल्या त्या अंजनाबाईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोमुळं. तिच्या मुलीला हात लागला, तिला संशय आला आणि तिनं तक्रार दिली. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. मुलींना 2001 साली कोल्हापूरच्या कोर्टानं फाशी सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारनंच वेळ काढला म्हणून 2022 ला हायकोर्टानं जन्मठेप केली.

आता तुझं बाड बघ. पाच खून, आणि एकाच्याही घरचं कुणी ठाण्याची पायरी चढत नाही! मिसिंगची तक्रार कोण देतं? हवालदार अंगावरचे कपडे विचारतो, जन्मखूण विचारतो, मोबाईल कधी बंद झाला विचारतो. ‘येईल दोन दिवसांत, गेली असेल कुणाबरोबर’ असंही म्हणतो एखादा. तेही लिही.

भाची : शेवटाला खुनी फौजदारापुढं सगळं कबूल करतो, ते तरी जमलंय?

मामा : वाचायला बरं आहे. पण पोलिसापुढची कबुली कोर्ट पुराव्यात धरत नाही. आणि चॅटचे नुसते स्क्रीनशॉट घेऊन गेलीस तर सर्टिफिकेट कुठाय विचारतील. जुन्या पुरावा कायद्यातलं 65 ब, आता नव्या कायद्यात कलम 63. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात 2020 ला सुप्रीम कोर्टानं ते बंधनकारक म्हणून सांगितलंय. 2007 सालीच मुंबईत सोळा वर्षांच्या मुलाला ऑर्कुटच्या ओळखीतून पळवून मारल्याचा खटला गाजला होता. 2012 ला चारही आरोपी सुटले. पुराव्याची साखळी जुळली नाही.

भाची : मग ते प्रकरण काढून टाकू?

मामा : काढू नको. बोलू दे त्याला. त्याच्या सांगण्यावरून लपवलेला मोबाईल निघू दे, उसाच्या फडातनं म्हण, पंचांसमोर. तेवढा भाग कोर्टात चालतो. फक्त पंच कोण ते आधी ठरव. कोर्टाच्या तारखांना हेलपाटे मारायला गावात कुणी तयार होत नाही.