औदुंबर, उंबर आणि आपण

निसर्गकवितेचा तास सुरू झाला की दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच, ‘सर, याचा आम्हाला उपयोग काय?’ विचारणारा बहुधा मागच्या बाकावरचा असतो. सकाळी लोकलने कॉलेज, दुपारनंतर एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात काम आणि रात्री उशिरा घर, असा त्याचा दिनक्रम. त्याच्या प्रश्नात उद्धटपणा नसतो. ‘कवितेने मन प्रसन्न होते’ असे ठराविक उत्तर देऊन त्याला गप्प बसवणे मला योग्य वाटत नाही. कारण त्याच्या वयाचा असताना हा प्रश्न विचारण्याइतका प्रामाणिकपणाही माझ्याजवळ नव्हता.

माझे बालपण खरवईत गेले. एका बाजूला भातखाचरे, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत आणि आभाळ मोकळे झाले की दूरवर चंदेरीचा सुळका, असा तो परिसर. पदवीच्या वर्गात आम्हाला बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता नेमलेली होती. परीक्षेच्या आधी मी घराच्या पडवीत येरझाऱ्या घालीत ती मोठ्याने पाठ केली. त्या झाडात विरक्त योगी दिसतो की कवीच्या मनातील उदासीनता, यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. ते सारे गाईडमधून उचलून मी चार पाने भरली. गुण उत्तम मिळाले.

त्याच उन्हाळ्यात घराला एक खोली वाढवायची ठरली. मागच्या बाजूला ओहोळाच्या काठी एक जुना उंबर होता, तो आड येत होता. काकांनी तो तोडायचे ठरवले. मी हरकत घेतली नाहीच, उलट झाड पाडताना दोरी ओढायला हातही लावला. संध्याकाळी आजीने मला जवळ बोलावले.

‘बाळा, तू पाठ करत होतास तो औदुंबर कसला रे?’

‘झाड असतं आजी. पाण्याच्या काठी उगवतं.’

‘अरे, मग आज पाडलात तो काय होता?’

मी निरुत्तर झालो. उंबर आणि औदुंबर एकच, हे मला शब्द म्हणून ठाऊकही असेल. पण पुस्तकातले झाड आणि दारातले झाड यांची गाठ माझ्या मनात कधी पडलीच नव्हती. पुढे एम.ए.चा अभ्यास मी त्याच नव्या खोलीत बसून केला.

या प्रसंगानंतर मी ‘औदुंबर’ पुन्हा वाचली. अवघ्या आठ ओळींची ही कविता आहे. झरा, लहानसे गाव, शेते, पायवाट, डोह आणि शेवटी ते झाड, अशा क्रमाने कवी आपल्याला चालवत नेतो. प्रतीके शोधण्याच्या घाईत मी हे चालणेच विसरलो होतो. ज्याने पाण्याकाठचा उंबर डोळे भरून पाहिला आहे, त्यालाच ते प्रतीक खरे कळेल. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 1890 साली खानदेशातील धरणगावचा. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली आणि 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. रोज रेल्वेने जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा कवी वाटतो तितका दूरचा नाही.

निसर्गकविता म्हणजे फुले आणि चांदणे, असाही एक गैरसमज आहे. त्याच खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांच्या कवितेतला निसर्ग हा कामाचा सोबती आहे. पेरणी, मोट, मळणी, सुगरणीचा खोपा हे सारे हात राबवता राबवता पाहिलेले आहे. ना. धों. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह 1967 साली आला. तोही पळसखेड्याच्या मातीत शेती करणाऱ्या माणसाचा. म्हणजे ‘आम्हाला काम असते, निसर्ग पाहायला वेळ कुठे?’ ही सबब या दोघांपुढे टिकत नाही.

आता उपयोगाचा प्रश्न. ज्याला आपण नावाने ओळखतो, त्याच्याशी आपले वागणे बदलते. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 मधले, म्हणजे इ.स. 1060 चे. त्याच्या बांधणाऱ्यांनी वालधुनी नदीचा काठ निवडला. आज त्याच वालधुनीला पुष्कळ लोक सरळ ‘नाला’ म्हणतात. एकदा नाला म्हटले की त्यात काहीही टाकायला मन कचरत नाही. उल्हास मात्र अजून नदी म्हणूनच ओळखली जाते. पण आपण तिची आठवण पूर आल्यावरच काढतो. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे 1050 प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या दिवशी सर्वांनी नदीकडे पाहिले. कवी तिच्याकडे एरवीही पाहतो, एवढाच फरक; आणि हा फरक लहान नाही.

‘उंबराचे फूल’ हा वाक्प्रचार आपण क्वचित दिसणाऱ्या माणसाबद्दल वापरतो. वास्तविक उंबराला फुले येतात, पण ती फळाच्या आत असतात. ज्या किड्यांमुळे आपण उंबर टाकून देतो, त्यांतलेच काही बारीक कीटक आत शिरून परागीभवन करतात. फुले कायम तिथेच असतात. बाहेरून दिसत नाहीत, इतकेच. निसर्गकवितेचे आणि आपल्या रोजच्या आयुष्याचे नाते मला असेच वाटते.

म्हणून मागच्या बाकावरच्या माझ्या मित्राला मी आता एवढेच सांगतो. घरापासून स्टेशनपर्यंतच्या तुझ्या वाटेवर जेवढी झाडे आहेत, त्यांपैकी एकाचे नाव विचारून ये. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचार, भाजीवालीला विचार. त्याला पालवी कधी फुटते, त्यावर कोण येऊन बसते, ते वर्षभर पाहा. मग कविता वाच. परीक्षेत कदाचित चार पाने भरणार नाहीत. पण उद्या कोणी ते झाड तोडायला निघाला आणि तुला विचारले, तर तुझ्याकडे द्यायला काहीतरी उत्तर असेल. माझ्याकडे ते नव्हते.