रिमोटचा पल्ला का घटतो?

चांदूर बाजारातील आमच्या कापड दुकानात आम्ही रिमोटचे पंखे बसविले. सकाळी गल्ल्यावरून बटण दाबले की पंखा चाले. दुपार कलल्यावर मात्र पंख्याखाली जाऊन उभे राहावे लागे. एका कारागिराने सर्किट बदलण्याचा सल्ला दिला. पैसे मोजण्याआधी आम्ही पश्चिमेच्या दारावर जाड पडदा सोडला, आणि पंखा गल्ल्यावरूनच चालू झाला. सर्किट ठीक होते. फरशीवरून उसळलेले ऊन रिसीव्हरवर पडत होते.

रिमोटच्या टोकाचा एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते. उन्हातही असा प्रकाश असतो. दोहोंत फरक कळावा म्हणून रिमोटचा प्रकाश बहुधा सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि रिसीव्हर तीच लुकलुक टिपतो. पण ऊन फार झाले की रिसीव्हर दिपतो व पल्ला घटतो.

दुरुस्तीला जाण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी एवढे पाहावे :

१) दोन्ही सेल एकदम नवे घालावेत.

२) मोबाइलच्या कॅमेऱ्यातून एलईडीकडे पाहत बटण दाबावे. बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट उजेड दिसतो. दिसला तर एलईडी चालू आहे.

३) रिसीव्हरच्या काचेवरील धूळ व कापडाचा भुसा पुसावा.

आता कारागीर बांधवांसाठी. पल्ला दुप्पट हवा असेल तर प्रकाश चौपट लागतो. तसाच दुसरा एलईडी जोडल्याने ५ मीटरचा पल्ला सुमारे ७ मीटर होईल, १० नव्हे. ३८ किलोहर्ट्झच्या रिसीव्हरला ३६ चा रिमोट दिल्यास पल्ला कमी होतो. रिसीव्हरच्या पुरवठ्याच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच्या पायांजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातल्यास विजेची खरखर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दारावरची घंटा बनविताना अखंड लुकलुक पाठवू नये. मध्ये थांबे द्यावेत. अखंड लुकलुकीला रिसीव्हर गोंगाट समजतो आणि आपली संवेदना कमी करून घेतो.

आधी तपासणी, मग खर्च, हा नियम दोघांच्याही फायद्याचा आहे. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, आणि नीट तपासून सांगणाऱ्या कारागिराकडे ते पुन्हा येते.