'पडणे' आणि इंग्रजी 'फॉल'
(प्राथमिक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांसाठी)

राज्यात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. 'फॉल म्हणजे पडणे' एवढा अर्थ फलकावर लिहून पुढे गेल्यास मूल मराठी वाक्ये शब्दशः उलटवू लागते. हे टाळण्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल.

1. ओळखीचा शब्द. उल्हासनगरच्या कापडबाजारात जाणाऱ्या घरांतील मुलांना साडीचा 'फॉल' ठाऊक असतो. निऱ्या नीट खाली पडाव्यात म्हणून काठाला जोडलेली ती पट्टी. पाठाचा आरंभ येथून करावा. त्यानंतर बदलापूरजवळच्या कोंडेश्वरचा धबधबा घ्यावा. धबधब्याला इंग्रजीत 'फॉल्स' म्हणतात.

2. जेथे दोन्ही भाषा जुळतात. पाऊस पडतो, रात्र पडते, भाव पडतात, माणूस आजारी पडतो, धान्य कमी पडते. या सर्व ठिकाणी 'फॉल' चालते.

3. जेथे जुळत नाहीत. मराठीत स्वप्न पडते, प्रश्न पडतो, थंडी पडते, वस्तू महाग पडते, आपण घराबाहेर पडतो. येथे इंग्रजीत 'फॉल' येत नाही. 1949 साली कल्याणच्या निर्वासित छावणीला 'उल्हासनगर' हे नाव पडले. इंग्रजीत मात्र नाव 'दिले' जाते. उलट, आपल्याला झोप 'लागते' आणि दिवाळी सोमवारी 'येते', तेथे इंग्रज 'फॉल' वापरतो.

4. उच्चाराची दक्षता. 'फॉल'चे भूतकाळी रूप 'फेल'. नापास होण्यालाही आपण 'फेल'च म्हणतो आणि देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात. त्यामुळे 'ही फेल' हे वाक्य ऐकून 'तो नापास झाला' असा अर्थ मूल करते. पडल्याचा 'फे' ऱ्हस्व व तुटक, नापासाचा दीर्घ. दोन्ही उच्चार मुलांकडून आलटून पालटून म्हणवून घ्यावेत. शिवाय नापासाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूप 'फेल्ड' होते, हेही सांगावे.

5. सिंधीभाषक विद्यार्थी. वर्गात असे मूल असल्यास त्याला बोलते करावे. झाडावरून पडण्यास सिंधीत 'किरणु' म्हणतात, पाऊस पडण्यास 'पवणु'. आपण एका शब्दात भागवितो तेथे शेजारची भाषा दोन शब्द वापरते, हे मुलांना वर्गमित्राच्या तोंडून कळले की शब्दांची जोडी सर्वत्र एकास एक नसते, हे निराळे सांगावे लागत नाही. घरच्या भाषेमुळे मागे राहणारे मूल त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होते.

स्वाध्याय : अंबरनाथ, बदलापूर परिसरातील पावसाळ्यावर 'पडणे' असलेली दहा मराठी वाक्ये मुलांकडून लिहवून घ्यावीत. 'फॉल' चालेल तेथे बरोबरची खूण व न चालेल तेथे फुली करावयास सांगावे. भाषांतर दुसऱ्या दिवशी. आधी अर्थ ओळखावा, मग शब्द शोधावा, ही सवय याच वयात लावणे हिताचे आहे.