कॅन्सरच्या पेशंटने कोरोनाची लस घ्यावी का?



कोरोना लसीकरणाच्या काळात वस्तीतल्या केंद्रावर नावे लिहून घ्यायला आम्ही बसलो होतो. एक मावशी नंबर जवळ आल्यावर रांगेतून बाहेर पडल्या. "मला गाठीचा आजार आहे, किमो चालू आहे. लस घेतली तर अंगातली उरलीसुरली ताकद जाईल असं सगळे म्हणतात," असे त्या म्हणाल्या. त्यांना नको म्हणून घरातल्या इतरांनीही लस घेतली नव्हती. ही भीती आम्हाला आणखी काही घरांत भेटली. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

धोका कोणाला जास्त?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. किमोचे औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर या पेशीही कमी करते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर आजारच या पेशींचा असतो. त्यामुळे अशा माणसाला कोरोना झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. दुसरे नुकसान म्हणजे कोरोना झाला की ऑपरेशन, किमो, रेडिएशन पुढे ढकलावे लागते, आणि कॅन्सर काही आपल्यासाठी थांबत नाही. 2020 साली मार्च ते मे या काळात देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांत नवीन पेशंटची नोंद आदल्या वर्षीपेक्षा 54 टक्क्यांनी घटली. आजार कमी झाला नव्हता, माणसे दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती.

म्हणूनच सरकारने 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या ज्या आजारी लोकांना आधी लस दिली, त्या आजारांच्या यादीत कॅन्सर होता.

लशीने कॅन्सर वाढतो का?

नाही. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कोविशिल्डमधला विषाणू अंगात वाढू शकत नाही असा केलेला असतो. दोन्हींमुळे कोरोना होत नाही आणि कॅन्सरही वाढत नाही. लस कॅन्सर बरा करते असेही नाही. ती कोरोनाच्या गंभीर आजारापासून वाचवण्यासाठी आहे.

एक डोस पुरत नाही

लंडनमध्ये फायझरच्या लशीवर एक अभ्यास झाला. पहिल्या डोसनंतर निरोगी माणसांपैकी शंभरात सुमारे 94 जणांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची शक्ती तयार झाली. गाठीच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण सुमारे 38, तर रक्ताच्या कॅन्सरमध्ये सुमारे 18 होते. मात्र गाठीच्या कॅन्सरच्या ज्या पेशंटना तीन आठवड्यांनी दुसरा डोस मिळाला, त्यांच्यातल्या बहुतेकांमध्ये ही शक्ती आली. ती लस आपल्याकडची नसली तरी धडा आपल्यालाही लागू आहे: दुसरा डोस चुकवायचा नाही. 2021 साली कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस 28 दिवसांनी आणि कोविशिल्डचा 84 दिवसांनी दिला जात होता. तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कधी घ्यावी?

आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच दिवस ठरवा. साधारण रीत अशी आहे:

- किमो सुरू व्हायची असेल तर शक्यतो दोन आठवडे आधी.
- किमो चालू असेल तर दोन सायकलच्या मध्ये.
- ऑपरेशन असेल तर काही दिवसांचे अंतर ठेवून, म्हणजे ताप आला तर तो कशाचा हे कळते.
- रेडिएशन किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्या लशीसाठी बंद करायच्या नाहीत.
- बोन मॅरो बदलला असेल तर निदान तीन महिने थांबायला सांगतात.

तारीख जुळवण्यात महिनोन्‌महिने मात्र घालवू नका.

केंद्रावर काय सांगावे?

स्तनाचा कॅन्सर असेल तर सुई दुसऱ्या बाजूच्या हातावर घ्या. लशीने काखेत काही दिवस गाठ सुजू शकते आणि ती आजाराची वाटून घाबरायला होते. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर नर्सताईंना आधी सांगा आणि सुईची जागा थोडा वेळ दाबून धरा.

लस घेतल्यावर एक-दोन दिवस हात दुखतो, अंग मोडून येते, कणकण येते. परंतु किमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला तर "लशीचाच असेल" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतूही जिवावर बेततो.

घरच्यांचे काम

एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, तिथे पेशंटला वेगळे ठेवणे आपल्याला शक्य नसते. मग त्याच्याभोवतीच्या माणसांनी लस घेणे हेच त्याचे कुंपण. जो कामावर जातो, लोकलने फिरतो, त्याने आधी घ्यावी. लस झाली तरी पेशंटने आणि सोबतच्याने दवाखान्यात, गाडीत मास्क सोडू नये. खोकला-ताप आलेल्या पाहुण्याला "बरं वाटलं की ये" असे सांगायला संकोचू नका.

2021 साली 18 वर्षांवरील सर्वांना सरकारी केंद्रावर लस मोफत होती. स्मार्टफोन नसला तरी केंद्रावर नाव नोंदवता येत होते.

त्या मावशींनी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारले. त्यांनी फाइलवर तारीख लिहून दिली. त्या दिवशी मावशी आल्या त्या सुनेला आणि दोन्ही मुलांना घेऊनच. तुमच्या गल्लीत असे कोणी रांगेतून परत गेले असेल, तर हा पाठ त्यांना वाचून दाखवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत जा.