तहकुबी आणि सूट

अंबाजोगाई,
दि. २८ जून २०२०

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याच्या घरमालकीणबाईंनी एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांच्या भाड्याचा तगादा लावला असून तू पंधरा दिवस त्यांचे फोन घेतच नाहीस, असे तुझ्या आईने काल सांगितले, तेव्हा त्या रकमेपेक्षा तुझ्या मौनाचीच चिंता मला अधिक वाटली. सदाशिव पेठेतील त्या खोलीत एका कॉटचे दरमहा २,५०० रुपये तू नेमाने भरीत होतास; २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी आली, मेस आणि अभ्यासिका बंद पडल्या, ज्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेसाठी तू तेथे राहिलास ती ५ एप्रिलची परीक्षाही लांबणीवर पडली, आणि तुला गावी परतावे लागले, यात तुझा यत्किंचितही अपराध नाही. परंतु तुझी पुस्तकांची ट्रंक आणि गादी अद्याप तेथेच आहेत. ई-पासावाचून जिल्हा ओलांडता येत नसल्याने तुला ती आणता येत नाहीत, आणि ती तेथे आहेत तोवर बाईंनाही ती जागा दुसऱ्यास देता येत नाही.

शासनाने भाडे माफ केले, असे तुझे मित्र सांगतात; ते खरे नव्हे. १७ एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली ती भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्याची, आणि त्या अवधीत भाडे थकले म्हणून कोणास घराबाहेर न काढण्याची. तत्पूर्वी २९ मार्चच्या केंद्रीय आदेशाने महिनाभर भाडे मागण्यास मनाई केली ती कामगारांकडून. विद्यार्थ्यांना त्यात अभय मिळाले ते सक्तीने जागा खाली करविण्यापासून. महसूल खात्यात मी नवखा कारकून असताना १९७२ चा दुष्काळ पडला, आणि तेव्हापासून दोन शब्द माझ्या मनावर कोरले गेले आहेत: तहकुबी म्हणजे मुदत, सूट म्हणजे माफी. तहकुबीलाच सूट समजून जे खातेदार निर्धास्त राहिले, त्यांच्या दारी पुढे चालू सारा आणि थकबाकी एकदमच येऊन उभी राहिली. तुला मिळाली आहे ती तहकुबी. सूट हवी असेल तर ती मागावी लागेल.

आता कायद्याचे. तुमच्यात लेखी करारनामा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये तो लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची असून, तो नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अर्थात कायदा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणूनच तो शब्द खोटा पडू देण्याचा अधिकार तुला उरत नाही.

तेव्हा प्रथम फोन कर, बाईंच्या प्रकृतीची विचारपूस कर, आणि मग पत्र लिही. थकबाकी ७,५०० रुपये आहे हे निःसंदिग्ध शब्दांत मान्य कर. घरचे उत्पन्न थांबले आहे आणि वीज-पाण्याचा वापर झालेला नाही, या कारणांस्तव निम्म्या रकमेची सूट माग, आणि उरलेले ३,७५० रुपये तीन समान हप्त्यांत देण्याची तारीखवार कबुली दे. अनामतीतून ते वळते करून घ्यावयाचे असल्यास तसे स्पष्ट नमूद कर. जुलैपासून कॉट ठेवणार की सोडणार, हेही सांग. बाई निम्म्यास राजी न झाल्यास दोन-तृतीयांश भरण्यावर तडजोड कर, परंतु जे ठरेल ते लेखी असू दे आणि प्रत्येक हप्त्याची पावती घे. त्या खोलीतील चार कॉटांच्या भाड्यावरच त्या एकाकी वृद्धेचा चरितार्थ चालतो, असे तूच मला एकदा सांगितले होतेस. टाळेबंदी तुझ्याइतकीच त्यांच्याही उंबरठ्यावर येऊन बसली आहे.

उद्या अधिकारी झालास तर तहकुबी आणि सूट मागणारे अर्ज तुझ्याच मेजावर येतील. अर्जदाराने खरी अडचण खऱ्या आकड्यांसह मांडावी, अशी तेव्हा तुझी अपेक्षा असेल. तसा पहिला अर्ज आज तूच लिही. पहिला हप्ता जुळत नसेल तर मला कळव, मी पाठवीन; पण फोन तुझा तूच करावयाचा आहे.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा