पोलाद घातलेला कोयता : धार टिकते कशी, जाते कशी?

ऊस जमिनीलगत तोडावा, ही शिफारस आपल्या परिचयाची आहे. बुडख्याकडील कांड्यांत साखर जास्त असते आणि खोडवाही चांगला फुटतो. परंतु जमिनीलगत घाव घालताना कोयता खड्यांवर आपटतो आणि धार तेथेच जाते. बोथट कोयत्याने बुडखा पिंजतो, तोडणाऱ्याचा हात भरून येतो आणि मग ऊस वरून तोडला जातो. म्हणून पात्याची घडण समजून घेणे फायद्याचे ठरते.

कठीणपणा व चिवटपणा

हे दोन वेगळे गुण आहेत. ज्या लोखंडात कर्ब ०.२५ टक्क्यांहून कमी असतो, ते पाणी पाजूनही फारसे कठीण होत नाही. ते वाकते, पण सहसा मोडत नाही. पोलादात कर्ब ०.६ ते १ टक्का असेल तर पाणी पाजल्यावर ते कठीण होते व धार धरते, मात्र ठिसूळही होते.

जुन्या लोहारांनी यावर तोड काढली. नरम लोखंडाच्या कडेत चीर पाडून त्यात पोलादाची पट्टी घालायची, टाकणखार टाकून तापवायचे आणि घणाने एकजीव करायचे. आपल्याकडील कुऱ्हाडी अशा घडवल्या जात. जपानी शेतकऱ्यांच्या 'कामा' या विळ्यात आणि स्वीडनमधील मोरा भागातील काही चाकूंतही हेच तत्त्व आहे.

थरांनी काय साधते?

पोलादाला तडा गेला तरी नरम लोखंड तो पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे पाते सहसा मधून मोडत नाही. परंतु धारेच्या अगदी टोकाला फक्त पोलादच असते. तेथे थरांची मदत होत नाही. धारेचा टिकाऊपणा तिचा कोन आणि पाणी यांवरच ठरतो. म्हणूनच कमानपाट्याचा एकजिनसी कोयताही, पाणी नीट दिलेले असल्यास, उत्तम काम देतो.

पाणी पाजल्यावर पाते पुन्हा हलके तापवावे लागते, म्हणजे ठिसूळपणा कमी होतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर त्या वेळी रंग चढतात. कलमाच्या चाकूला फिकट पिवळा रंग (सुमारे २२० अंश सेल्सिअस) पुरतो. घाव सोसणाऱ्या कोयत्याला तपकिरी (सुमारे २६० अंश) योग्य.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) खरेदीच्या वेळी कानस फिरवून पाहावी. पोलाद घातलेल्या पात्याच्या धारेवर ती घसरल्यासारखी चालते, पाठीवर मात्र सहज चावते.

२) धारेचा कोन कलमाच्या चाकूसाठी १५ ते २० अंश, तर कोयत्यासाठी ३० ते ४० अंश ठेवावा.

३) धार मुडपत असेल तर पाते नरम आहे किंवा कोन बारीक आहे. दाते पडत असतील तर पाते ठिसूळ आहे किंवा कोन बारीक आहे. दोन्ही वेळा आधी कोन वाढवून पाहावा. तरीही फरक पडला नाही, तरच लोहाराकडून पाणी पुन्हा देऊन घ्यावे.

४) विजेवरील साणेवर धार लावताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. धार निळी पडली, म्हणजे तेथे ३०० अंशांच्या आसपास उष्णता पोचून पाणी उतरले. तो भाग झिजवून काढावाच लागतो. रोजच्या कामाला धार लावायचा दगड व पाणी पुरे.

५) तडा गेलेले पाते वापरू नये. उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

६) काम संपल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. ओल्या पात्याची धार गंजाने खाल्ली जाते.

पोलादाची पट्टी अरुंद असते. साणेवर विनाकारण झिजवलेली प्रत्येक कड म्हणजे पात्याचे कमी झालेले आयुष्य होय. पोलाद संपले की उरते नुसते लोखंड. मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. अशा वेळी पाते फेकून न देता लोहाराकडे न्यावे व नवे पोलाद घालून घ्यावे.