कचेऱ्या अनेक, दप्तर एक

राज्याचा कारभार एका इमारतीतून चालत नाही. मंत्रालय, विभागीय आयुक्तालये, ३६ जिल्ह्यांची मुख्यालये आणि त्यांखालील तहसील कचेऱ्या अशी ही साखळी आहे. नागरिकाचा अर्ज तिच्यातून वर जातो आणि निर्णय होऊन खाली येतो. दप्तर कागदाचे असले की या प्रवासात टपालाचे दिवस मोडतात. शिवाय जेथे दप्तर, तेथेच त्यावरील संकटही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांची कागदपत्रे भस्मसात झाली. त्यानंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ‘ई-ऑफिस’ प्रणालीच्या वापराला राज्यात गती मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कचेरीबाहेरून नस्ती हाताळण्याची गरजही सर्वांच्या प्रत्ययास आली. अशी दूरस्थ कामकाजाची व्यवस्था उभारताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रणाली कोठे ठेवावी?

पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक कचेरीत प्रणालीची स्वतंत्र प्रत बसवणे. यात सुधारणा करावयाची झाल्यास ती प्रत्येक ठिकाणी करावी लागते. एखादी कचेरी मागे राहिली की एकाच नोंदीची दोन रूपे तयार होतात. दुसऱ्या मार्गात प्रणाली मध्यवर्ती सर्व्हरवर असते आणि कर्मचारी ब्राउझरमधून तीत प्रवेश करतात. ‘ई-ऑफिस’ याच प्रकारातील आहे. जुन्या, ब्राउझरमध्ये न चालणाऱ्या प्रणालींसाठी तिसरा मार्ग आहे. त्यात काम केंद्रातील संगणकावर चालते. कर्मचाऱ्यापर्यंत केवळ पडद्याचे चित्र येते आणि त्याने दाबलेल्या कळा केंद्राकडे जातात. त्यामुळे साधा संगणकही पुरतो.

अंतराचे गणित

केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी संगणक जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याच्या मुख्यालयापासून गट मुख्यालयापर्यंत सेकंदाला किमान २ मेगाबिट क्षमतेची जोडणी असावी, हा तिचा उद्देश होता. परंतु क्षमतेइतकाच विलंबही महत्त्वाचा असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवरील केंद्राकडे जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो आणि तो जाणवतही नाही. भूस्थिर उपग्रह मात्र सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सरतो. कळ दाबल्यानंतर अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटू लागले, तर टंकलेखन करणारा हैराण होतो. म्हणून जेथे केवळ उपग्रहाची जोडणी आहे, तेथे तिसरा मार्ग टाळून संपूर्ण अर्ज भरून एकदाच पाठवण्याची रीत अधिक सोयीची ठरते.

लिपी सर्वत्र एक हवी

पूर्वी निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळे मराठी टंक वापरले जात. एका ठिकाणी लिहिलेला मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक असल्याने ही अडचण दूर होते. जुने दप्तर सामाईक प्रणालीत आणण्यापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केले पाहिजे. नाहीतर नाव आणि गाव यांचा शोधच लागत नाही.

दाराची राखण

दूरवरून उघडणारे दार अनोळखी हातांनाही खुणावते. विंडोजच्या दूरस्थ पडदा सेवेत ‘ब्लूकीप’ नावाचा गंभीर दोष असल्याचे २०१९ साली उघड झाले. पासवर्ड नसतानाही अशा संगणकाचा ताबा घेणे त्यामुळे शक्य होते. अशी सेवा इंटरनेटवर थेट खुली ठेवू नये, हा त्यातील धडा. तिच्यापुढे व्हीपीएन असावे, म्हणजे सार्वजनिक जाळ्यातून जाणारा मजकूर सांकेतिक रूपात राहतो. पासवर्डबरोबर दुसरी खूणही तपासली जावी. प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा आणि बदली किंवा निवृत्ती होताच जुना प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. एका नावाने चौघांनी काम केले, तर निर्णय कोणी घेतला हे सिद्ध करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायद्याची मान्यता आहे, म्हणून या शिस्तीचे महत्त्व अधिकच वाढते.

तार तुटली, वीज गेली तर?

मध्यवर्ती व्यवस्थेत एक जोडणी तुटली की सारी कचेरी थांबते आणि खिडकीसमोरील रांग ताटकळते. म्हणून दुसऱ्या मार्गाने येणारी पर्यायी जोडणी आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी यांची तरतूद आरंभीच करावी. मध्यंतरीच्या काळात अर्ज कागदावर स्वीकारून त्याची पोच देण्याची पद्धतही लेखी ठरलेली असावी.

सर्वांत मोठा धोका मात्र केंद्रातच असतो. सारे दप्तर एका सर्व्हरवर आणले आणि त्याची प्रत त्याच छपराखाली ठेवली, तर २०१२ च्या आगीपासून आपण काही शिकलो असे म्हणता येणार नाही. प्रत दूरच्या दुसऱ्या शहरात हवी. तत्काळ उतरणाऱ्या प्रतीत चुकून पुसलेली नोंदही तत्काळ पुसली जाते. म्हणून जाळ्यापासून अलग ठेवलेली, ठरावीक मुदतीची प्रतही हवी. त्या प्रतीवरून दप्तर खरोखर पुन्हा उभे राहते की नाही, याची चाचणी वेळोवेळी घ्यावी. दप्तर एक असावे, त्याचा आसरा मात्र एकच नसावा. एवढी काळजी घेतली, तर दूरच्या गावातील अर्जदाराला आपल्या कागदाच्या मागे कचेरी ते कचेरी हिंडावे लागणार नाही.